मेंढ्यांची वजाबाकी

हिंगणवाडीच्या शाळेत चार वर्षांत एकोणीस धनगर पोरं चौथीच्या परीक्षेला बसली आणि एकोणीसच्या एकोणीस गणितात आपटली. एवढ्यांत एखादं पोर चुकून तरी पास व्हावं. पण हिंगणवाडीत तशी चूकही होत नव्हती. परीक्षा घ्यायला येणारे दिपोटीसाहेब दरवर्षी शेरेबुकात एकच वाक्य लिहीत : "धनगर विद्यार्थ्यांस बेरीज येते, वजाबाकी या जमातीस झेपत नाही." चौथ्या वर्षी त्यांनी नुसतंच "मागीलप्रमाणे" लिहिलं.

हा शेरा मानसिंग जगदाळे गुरुजींना फार झोंबला. गुरुजी मूळचे कुंडलचे. घरी ऊस होता, धाकटा भाऊ लालासाहेब पलटणीत होता आणि सध्या इटलीत लढत होता. कवठे महांकाळच्याही पुढच्या या उजाड माळावर येऊन एकट्यानं चार इयत्ता हाकायची गुरुजींना काही गरज नव्हती. पण आले होते, आणि आता धुळा कोळेकर चौथीत होता.

धुळ्याचं गणित म्हणजे फळ्यावर खडू टेकायच्या आत पाटीवर उत्तर. त्याचा बाप अर्जुना दसरा झाला की मेंढरं घेऊन मावळतीला नदीकाठाकडं जाई, तो पावसाच्या तोंडावर परते. पोराच्या शाळेपायी त्याची आई धोंडुबाई तीन वर्षं कळपामागं न जाता वस्तीवर राहिली होती. अर्जुनानं यंदा निघतानाच सांगून ठेवलं होतं : पोरगं पास झालं तर साताऱ्याच्या वसतिगृहात जाईल; नापास झालं तर पुढच्या दसऱ्याला त्याच्या हातात काठी. यात चुकीचं काही नव्हतं, म्हणून गुरुजींना जास्तच काळजी.

त्या वर्षी, म्हणजे त्रेचाळीस साली, उन्हाळ्यात खात्यानं गुरुजींना तीन आठवड्यांच्या शिक्षणवर्गाला पुण्याला धाडलं. तिथं एका विद्वानांनी सांगितलं की मुलाला त्याच्या जगातून शिकवावं. गुरुजींनी हे वाक्य वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या. क्रमिक पुस्तकातल्या गणितांत मुंबईहून सुटलेली आगगाडी होती, दोन तोट्यांचा हौद होता, हापूस आंब्यांच्या करंड्या होत्या. हिंगणवाडीत यातलं काहीच नव्हतं. मेंढरं मात्र होती. मग गुरुजींनी दिवाळीची सुट्टी खर्ची घालून चाळीस गणितं रचली, सगळी मेंढरांची. त्यात माया यावी म्हणून वस्तीवरच्या माणसांची खरी नावं घातली. 'धनगरी अंकगणित' असं नाव दिलं आणि स्वच्छ प्रत साताऱ्याला खात्याच्या कचेरीत धाडून दिली. आधी वर्गात वापरून बघावं आणि मग धाडावं, असंही पुण्याला सांगितलं होतं. पण ते शेवटच्या आठवड्यात, तेव्हा गुरुजींना ताप होता.

शाळा उघडली. गुरुजींनी फळ्यावर पहिलं गणित लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं : "अर्जुनाच्या कळपात साठ मेंढ्या होत्या. साथ येऊन सतरा मेल्या. तर राहिल्या किती?"

धुळ्यानं पाटी जमिनीवर पालथी घातली.

मागच्या रांगेतलं एक लहानगं पोर रडायला लागलं. आकडा फार मोठा झाला असं वाटून गुरुजींनी बारा मेंढ्या घेतल्या आणि दोनच मारल्या. तशी दोन पोरं न विचारता उठून बाहेर चालती झाली. दुसऱ्या दिवशी अकरा धनगर पोरांपैकी एकही शाळेत आलं नाही. उरलेल्या पोरांनी एका सुरात "त्रेचाळीस" म्हणून सांगितलं, पण गुरुजींना त्यात गोडी वाटली नाही.

शाळा समितीचे अध्यक्ष भाऊसो पाटील चौकशीला आले.

"पोरास्नी मारलंस काय रं मास्तर?"

"पोरांना नाही. मेंढ्या मारल्या."

"कुणाच्या?"

"फळ्यावरच्या."

पाटलांनी आधी फळ्याकडं, मग गुरुजींकडं बघितलं आणि ते निघून गेले.

तिसऱ्या दिवशी धोंडुबाई आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. बाहेरच उभी राहिली.

"गुरुजी, आमचं तुमचं काय वाकडं हाय?"

काही नाही, असं गुरुजींनी सांगितलं. मग त्यांनी समजावलं की हे खडूचं गणित, यातला अर्जुना खरा नव्हे, मेंढ्या खऱ्या नव्हेत, मरणंही खरं नव्हे. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचा भाऊ लढाईवर हाय न्हवं? नाव काय त्येचं?"

"लालासाहेब."

"मग लिवा तितं. लालासायबाच्या पलटणीत साठ शिपाई. गोळा पडून सतरा मेलं. ऱ्हायलं किती? सांगा मोठ्यानं."

गुरुजींनी तोंड उघडलं. हीच वजाबाकी ते तीन दिवस फळ्यावर करत होते. भावाचं शेवटचं पत्र गणपतीच्या सुमाराला आलं होतं. त्यानंतर काही नाही. तोंड उघडं राहिलं आणि आतून शब्दच फुटेना. वर्गातली पोरं बघत होती. एकानं मदत म्हणून उत्तर सांगायला सुरुवात केली, तर गुरुजी त्याच्या अंगावर असे ओरडले की त्यांचे तेच दचकले.

"फळ्यावरचंच हाय की," धोंडुबाई म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. समजूत घातल्यासारखी म्हणाली, आणि ते जास्तच लागलं.

मग ती ओसरीच्या कडेला टेकली आणि तिनं सांगितलं. कळप बिरोबाचा, राखणाऱ्यानं त्याची मोजदाद करायची नसते. संध्याकाळी कळप बसला की तोंडावरनं बघायचं, नाही ती ध्यानात येते. एखादं जनावर गेलं तर ते बिरोबाकडं गेलं म्हणायचं आणि आकडा जिभेवर आणायचा नाही. इथं तर पोराच्या तोंडून, बापाचं नाव घेऊन, आणि बाप चार दिवसांच्या वाटेवर. ते पोर बोलेल कसं?

हे चार वर्षांत कुणी सांगितलं का नाही, असं गुरुजींनी विचारलं. तिनं सांगितलं, कुणी इचारलं न्हाई.

आणि मग गुरुजींच्या डोक्यात एकदम उजेड पडला. नसता पडला तर बरं, असा उजेड. दिपोटीसाहेब मनानं फार चांगले. धनगराचं पोर समोर उभं राहिलं की ते पुस्तक बाजूला ठेवत आणि मायेनं तोंडी विचारत : "बरं का बाळ, तुझ्या बापाच्या शंभर मेंढ्या. वीस लांडग्यानं खाल्ल्या. राहिल्या किती?" एकोणीस पोरं, एकोणीस वेळा. दरवेळी लांडगा यायचा, दरवेळी पोर जमिनीकडं बघायचं, आणि दरवेळी गुरुजी शेजारी उभं राहून पोराला धीर यावा म्हणून हसायचे.



दुसऱ्या दिवशी गुरुजी वस्तीवर जाऊन माफी मागून आले. पोरं परत आली. फळ्यावर आता भोपळे आले, विटा आल्या, बाभळीच्या शेंगा आल्या, आणि वजाबाकी या जमातीस अशी झेपायला लागली की गुरुजींना नवी गणितं रचायला दम मिळेना. पुस्तिका परत पाठवावी, ती चुकीची आहे, असं पत्र त्यांनी साताऱ्याला टाकलं. उत्तर आलं नाही.

उत्तर एप्रिलात साहेबांबरोबर टांग्यातून आलं. नदीकाठच्या गावांत जायला साहेबलोक त्या दिवसांत भूमिगतांच्या धाकानं जरा कचरत, त्यामुळं माळावरच्या शाळांची तपासणी अगदी कसून होई. साहेब उतरले, हसले आणि त्यांनी गुरुजींच्या हातात एक तपकिरी कागदाचं पुस्तक ठेवलं. 'धनगरी अंकगणित'. तीनशे प्रती. लढाईमुळं पोस्टकार्डाला कागद मिळत नव्हता. याला मिळाला होता. कव्हरावर मानसिंग जगदाळे हे नाव आणि त्याखाली "तपासून प्रसिद्ध केले" म्हणून साहेबांची सही.

"तुमचं पत्र मिळालं," साहेब म्हणाले. "इतका विनय बरा नव्हे."

परीक्षा याच पुस्तकातून होणार होती. गुरुजींनी साहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं : बिरोबा, कळप, जिभेवर न येणारा आकडा. साहेबांनी मान हलवत ऐकलं आणि ही अंधश्रद्धा आहे, ती घालवण्यासाठीच शाळा असतात, असं म्हणून पहिलं पान उघडलं.

धुळा पुढं आला. भाऊसो पाटील खुर्चीत होते. धोंडुबाई कुंपणाबाहेर बाभळीखाली बसली होती. तिथून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

"अर्जुनाच्या कळपात साठ मेंढ्या होत्या," साहेबांनी वाचलं. "साथ येऊन सतरा मेल्या. राहिल्या किती?"

धुळ्यानं गुरुजींकडं बघितलं. गुरुजींना हसू आणता आलं नाही.

"साठ," धुळा म्हणाला.

"अरे, सतरा मेल्या ना?"

"न्हाई सायेब. परवाच निरोप आलाय. समदी खुशाल हायती."

बाकीच्या चौघांचंही तेच. कुणाच्या कळपातलं एक कोकरूसुद्धा मेलं नाही. साहेबांनी खेदानं चष्मा पुसला आणि पेन उघडलं. निबेची शाई धुळ्याच्या नावासमोर टेकणार, तेवढ्यात गुरुजी बोलले. आपण बोलतोय हे त्यांना स्वतःलाही बोलल्यावर कळलं.

"उत्तर बरोबर आहे, साहेब."

"काय?"

"साठ. बरोबर आहे."

"जगदाळे, साठातून सतरा गेले."

"साठ राहतात. गणित माझं आहे. पाहिजे तर लेखी देतो."

साहेबांनी पुस्तकाचं शेवटचं पान उलटलं. तिथं उत्तरं असायला हवी होती. पण कागद पुरला नव्हता. गुरुजींनी तोवर टाक बुडवून लिहूनही टाकलं : "सदर पुस्तकाचा लेखक या नात्याने लिहून देतो की साठातून सतरा वजा केले असता बाकी साठ राहते." खाली सही. शेजारी साक्ष म्हणून भाऊसो पाटलांची सही. पाटील पुढं आलेल्या कुठल्याही कागदावर न वाचता सही करत आणि त्यातच गावाचा कारभार वीस वर्षं सुरळीत चालला होता.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते वाईट नव्हते आणि मूर्ख तर मुळीच नव्हते. पोरांची उत्तरं चूक म्हणावीत तर लेखकाला वजाबाकी येत नाही. लेखकाला वजाबाकी येत नाही तर मग तीनशे प्रती तपासल्या कुणी? त्यांनी कव्हरावरची आपली सही बघितली.

मग साहेबांनी पाचही नावांसमोर "पास" लिहिलं. गुरुजींचा कागद घडी करून खिशात घातला आणि शेरेबुकात नोंद केली : "धनगर विद्यार्थी पाचपैकी पाच उत्तीर्ण. प्रगती धक्कादायक. शिक्षक वजाबाकीत मंद. गणित हा विषय शाळेतील अन्य शिक्षकांकडे सोपवावा." शाळेत अन्य शिक्षक नव्हता. पुस्तकाच्या तीनशे प्रती पंधरवड्यात परत मागवल्या गेल्या, असं नंतर कानावर आलं.

मास्तरला वजाबाकी येत नाही, ही बातमी पाटलांनी कवठ्याच्या बाजारापर्यंत पोचवली. गुरुजींनी ती कुठंच खोडली नाही. खोडली असती तर पाच पोरं पुन्हा नापास.

जूनच्या पहिल्या आठवड्यात धोंडुबाई धुळ्याला घेऊन फाट्यावर मोटारीची वाट बघत उभी होती. गुरुजी पोचवायला गेले होते. पोराच्या अंगात नवा सदरा, काखेत वळकटी. धोंडुबाई बराच वेळ घुटमळली, मग खालच्या आवाजात तिनं विचारलं :

"गुरुजी, पाटील सांगत्यात ते खरं व्हय? तुमास्नी येत न्हाई?"

गुरुजी मोटारीच्या वाटेकडं बघू लागले. धुळा खाली मान घालून हसू दाबत होता.

तिच्या डोळ्यांत खरोखरचा धसका होता. "आवं, मागं वस्तीवरली धाकटी सहा जणं तुमच्याच हातात हायती. मोटारीला येळ हाय अजून. बस रं धुळ्या, दाव गुरुजींना."

धुळ्यानं काटकी घेतली आणि वाटेवरच्या धुळीत साठ लिहिले, त्याखाली सतरा. गुरुजी समोर उकिडवे बसले. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून शेजाऱ्याकडून एक दशक घ्यायचं, मग दहातून सात, असं करत पोरगं उत्तरापर्यंत आलं आणि वर बघून अगदी मास्तरच्या आवाजात म्हणालं :

"कळलं का, गुरुजी?"

"परत एकदा सांग," गुरुजी म्हणाले.