शुक्रवारचे पाहुणे

कल्पना सतीशचीच होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर लोकांनी यूनुससाहेबांना शिव्या घातल्या, बँकेला घातल्या, पार अमेरिकेलाही सोडलं नाही. पण डोकं चालवलं होतं ते चेंबूरहून आलेल्या या रेस्टॉरंट मॅनेजरनंच.

अमिरातीतल्या फुजैराच्या किनाऱ्यावरचं ते हॉटेल २००८ मध्ये मोठ्या थाटात उघडलं आणि दोन-तीन महिन्यांतच जगभरच्या बँका गडगडल्या. युरोपातले पर्यटक आटले, दुबईहून वीकेंडला येणारी कुटुंबंही दिसेनाशी झाली. वर्षभरात अशी अवकळा आली की सकाळचा बुफे मांडायचा कर्मचाऱ्यांनी आणि संपवायचाही त्यांनीच. शेवटी मालकाला कर्ज देणाऱ्या बँकेनं निरोप धाडला. आमची माणसं एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या, ऐन गर्दीच्या दिवशी येतील आणि हॉटेल चालू ठेवायचं की कुलूप लावायचं ते ठरवतील.

कुलूप म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर व्हिसा. सतीशला स्वतःचं फारसं काही वाटत नव्हतं, पण त्याचा विहान दहावीत होता. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. नोव्हेंबरात मुंबईतली कुठली शाळा त्याला दारात उभं करणार? "मार्चपर्यंत टिकू दे," तो बायकोला, सुजाताला म्हणायचा, "मग देवानं काय वाटेल ते करावं."

"साहब, गर्दी नहीं है तो हम बनाएँगे," मीटिंगमध्ये तो म्हणाला. यूनुससाहेब जनरल मॅनेजर, हैदराबादचे. मनानं चांगले, पण फार घाबरट. "आधा स्टाफ ड्यूटी पे, आधा स्टाफ गेस्ट. पूल में बच्चे कूद रहे हैं, तो किसको शक होगा?"

पूलकाठी एकटाच बसलेला बाप्या काही सहलीला आलेला वाटत नाही, हे सगळ्यांना पटलं. म्हणून वेटर जमालसारखी सडी पोरं ड्यूटीवर राहिली आणि बायकामुलांवाले पाहुणे झाले. यूनुससाहेबांनी दोनदा रिहर्सलसुद्धा घेतली.

तो शुक्रवार मात्र खरोखरच छान गेला. वर्षभरात सुजातानं नवऱ्याचं हॉटेल बाहेरूनच पाहिलं होतं. ती मोठी टोपी घालून छत्रीखाली अशी बसली, की जन्मभर हेच करत आली असावी. धाकटी अस्मी पाण्यातून बाहेरच येईना. जमाल ट्रे घेऊन आला आणि हसू दाबत म्हणाला, "एनीथिंग एल्स, सर?"

"बाबा, धिस इज सो वीअर्ड," विहान बर्गर खाता खाता पुटपुटला.

शेजारच्या टेबलावरच्या उष्ट्या प्लेट बघून सतीशचा हात आपोआप पुढे गेला. सुजातानं तो धरला. "अहो, ठेवा ते! गेस्ट आहात ना?"

बँकेच्या हाफिजा मॅडम त्यांच्या टेबलाशी थांबल्या. एवढ्या गर्दीत ऑर्डर यायला वेळ लागत असेल ना, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नॉट ॲट ऑल!" सुजाता म्हणाली. "दे आर सो फास्ट. वी आस्क, अँड इट्स हिअर!"

ही वाक्यं काही रिहर्सलमध्ये नव्हती. सतीशला बायकोचा असा अभिमान वाटला की त्यानं त्याच दिवशी तिला तसं सांगूनही टाकलं.

रविवारी यूनुससाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. हॉटेल वाचलं होतं. पण साहेबांचा चेहरा मयतीला आल्यासारखा होता.

"मैडम ने पूछा, बाकी स्टाफ किधर है. मैं क्या बोलता? बोला, वीकली ऑफ पे." साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "तो वो बोली, सबसे बिज़ी दिन पे आधा स्टाफ घर पे, फिर भी गेस्ट इतने खुश? फिर ये आधे लोग चाहिए किसलिए? जो उस दिन ड्यूटी पे थे, बस वही रहेंगे."

सतीशनं मनात हिशोब केला. खरं सांगावं तर हॉटेलला कुलूप, म्हणजे जमाल आणि बाकीची पोरंही रस्त्यावर. न सांगावं तर आपण गेलो. त्याच्याशिवाय रेस्टॉरंट चालतं, हे बँकेनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि पाहताना तो स्वतः समोर बसून जेवत होता. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. पण रिहर्सल करून पाडून घेणारा हा एकच.

"बोलो, सतीशभाई, मैं बैंक को क्या बोलूँ?"

"कुछ मत बोलो, साहब. खलास."

घरी त्यानं सगळं सांगितलं. "मी फार बोलले का हो?" सुजातानं विचारलं. नाही म्हणाला तो, आणि ते खरंच होतं, पण तिचा विश्वास बसला नाही. ती रडायला लागली.

"सो व्हॉट अबाउट माय बोर्ड्स?" विहान म्हणाला. मग तो उठला आणि पुस्तक उघडून बसला. ते पाहणं सतीशला सगळ्यात जड गेलं.

व्हिसा रद्द झाल्यावर सतीश हॉटेलात गेला तो ओळखपत्र परत करायला आणि लॉकर रिकामा करायला. सामान एका बॅगेत भरून तो लॉबीत आला, तर समोर हाफिजा मॅडम. नवी व्यवस्था कशी चालली आहे ते बघायला आल्या होत्या. त्यांनी त्याला लगेच ओळखलं. आता दरवानाचंही काम करणारा, दाराशी उभा असलेला जमाल पांढराफटक पडला.

"इतक्यात निघालात?" मॅडमनी हसून विचारलं. "मिसेस कशा आहेत? खरं सांगू, हे हॉटेल वाचलं ते तुमच्यासारख्या पाहुण्यांमुळे. पुढच्या वर्षी नक्की या."

जमाल पुढे झाला. "मे आय, सर?" म्हणत त्यानं सतीशच्या हातातली बॅग घेतली.

"इन्शाल्ला," सतीश मॅडमना म्हणाला, आणि जमालनं उघडून धरलेल्या दारातून पाहुण्यासारखा बाहेर पडला.