रोननचं बारसं

२००६च्या ऑक्टोबरात अनुराधाबाईंना नातू झाला. ग्लासगोत तीस वर्षं भूल देण्याची डॉक्टरकी करून निवृत्त झालेल्या बाईंनी मनातल्या मनात 'अर्जुन' नाव पक्कं करून टाकलं होतं. पण तिथेच वाढलेल्या त्यांच्या मुलीने, इरावतीने, मोडक्यातोडक्या मराठीत फोनवर सांगितलं, "आई, नाव ठरली आहे. रोनन. डेक्लनच्या आजोबांचा होता."

"रोनन? अगं, आपल्या लोकांना 'रोना'च आठवेल! जन्मभर रडका म्हणतील पोराला."

"चेंज नाही होणार, आई. सॉरी."

जावई डेक्लन आयरिश, पण माणूस लाखात एक. त्याच्याशी काय भांडणार? बारशाच्या घुगऱ्या शिजवतानाही बाईंचा चेहरा उतरलेलाच होता.

बाराव्या दिवशी सकाळी आयर्लंडहून फेरीबोटीने नुआला आली. डेक्लनची बहीण, म्हणजे बाळाची आत्या. डोनेगलला शाळेत आयरिश भाषा शिकवायची. बाईंनी तिला चहा दिला आणि न राहवून विचारलं, "या नावाचा अर्थ तरी काय गं?"

"आमच्या भाषेत 'रोन' म्हणजे सील. शेवटी 'आन' लावलं की लाडाचं होतं. छोटुकलं सील! या नावाचे कितीतरी संत होऊन गेले."

"सील? सर्कशीत नाकावर चेंडू घेतं ते?"

नुआला हसली. "आमच्या घरासमोरच्या खडकांवर येऊन बसतात. ओली काळी डोकी आणि हे एवढाले डोळे."

बाईंना लेबर रूम आठवली. नर्सने बाळ हातात दिलं तेव्हा ते अगदी असंच होतं. ओलं काळंभोर जावळ, टकामका बघणारे डोळे. आणि रडलंही किती थोडं!

"शोभतंय खरं," त्या म्हणाल्या. "अर्जुन मधलं नाव असू दे."

दुपारी पाळण्याभोवती महाराष्ट्र मंडळातल्या बायका जमल्या. नुआलाने वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं. तिच्यासारखा घोळदार र तिथे कुणालाच जमला नसता. तेवढ्यात तिच्या पाठीत धपाधप धपाटे बसले. ही पद्धत तिला सांगायचीच सगळ्या विसरल्या होत्या. "रोनन!" ती दचकून ओरडली. कानात सांगायचं नाव रस्त्यापर्यंत गेलं.

"मी काय चुकले?"

"काही नाही गं," बाई हसून हसून डोळे पुसत म्हणाल्या. "नाव ठेवलं की आत्याला मार खावाच लागतो."

"एकट्या आत्यानेच का?" असं म्हणत नुआलाने कोपऱ्यात पोट धरून हसणाऱ्या भावाच्या पाठीत एक सणसणीत ठेवून दिला.