दहा वाजता मी समुद्रात होतो

मी एक जुना मोबाइल फोन आहे आणि खरं सांगायचं तर जरा तापट आहे. दहा मिनिटं व्हिडिओ चालवलात की माझं अंग भाजून निघतं. काचेला तडा गेलाय, पोटात जागा कमी. हल्ली देवगडात गनीभाईंच्या कपाटात पडून असतो.

माझे कामाचे दिवस मात्र होडीवर गेले. गनीभाई मासेमार. पहाटे मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते दर्यावर नेत. वारा फिरला की किनाऱ्यावरून फोन येई, तो माझ्यावरच. याचा मला भारी अभिमान होता. दुपारी परतलो की त्यांची मुलगी नाझनीन माझा ताबा घेई.

मग कोरोनात शाळा बंद झाली. आठवीच्या शिष्यवृत्तीचा सराव फोनवरून घ्यायचं ठरलं. नाझनीनच्या वर्गशिक्षिका किशोरीबाई कामाला चोख. त्यांनी तीन ॲप आपल्या लॅपटॉपवर आठवडाभर तपासली, रकाने आखून गुण दिले. व्हिडिओवर समोरासमोर तास घेणारं ॲप पहिलं आलं. नुसते आवाजातले पाठ देणारं शेवटचं. तास रोज सकाळी दहाचा.

मित्रांनो, दहा वाजता मी समुद्रात असायचो! पंधरा दिवस नाझनीन गैरहजर. सरावातून तिचं नाव काढायची वेळ आली. तरी अब्बांकडे फोन मागायला ती धजेना, कारण होडीवर मी का लागतो हे तिला ठाऊक होतं. मला फार अपराधी वाटायचं.

नाव काढण्याआधी बाई घरी आल्या. मी तेव्हाही दर्यावरच होतो, त्यांचं बोलणं मला नंतर कळलं.

"दहा वाजता खंय आसतंस गो?"

"मी घराकच आसतंय, बाई. फोन दर्यात आसता."

बाई होडी येईपर्यंत ओट्यावर बसून राहिल्या. गनीभाईंनी मला त्यांच्या हातात दिलं आणि माझी परीक्षा सुरू झाली. पहिल्या ॲपनं मी तापून बंद पडलो. दुसऱ्याला माझ्यात जागाच मिळेना. तिसरं, नुसत्या आवाजाचं, मात्र निमूट आत बसलं. पाठ एकदा उतरवून घेतला की तो रेंज नसतानाही वाजे, हव्या त्या वेळी.

बाईंनी वहीत नवा रकाना आखला, 'फोन घरी नसेल तर?' त्यात एकच ॲप पास झालं.

"चूक माझी गो," त्या म्हणाल्या. "मी ॲपां तपासलंय, फोन खंय आसता ता इचारूकच नाय."

सगळा वर्ग त्या साध्या ॲपवर आला. दुपारी मी अपूर्णांक शिकवू लागलो. जाळं विणता विणता गनीभाईही ऐकत आणि नाझनीनच्या आधी उत्तर देऊन तिच्या शिव्या खात. नाझनीनचं नाव यादीत राहिलं. ती परीक्षेला बसली.

आता घरात नवा फोन आहे. मला कुणी विचारत नाही, त्याचं दुःखही नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्या शाळेत नवं ॲप निवडायची चर्चा निघाली, तर ते आधी माझ्यासारख्या एखाद्या म्हाताऱ्या फोनवर चालवून बघा. मी बंद पडलो, तर मला हसून बाजूला ठेवू नका. माझ्यामागे कुणीतरी पोर वर्गाबाहेर राहिलेलं असतं.