शुक्रवारी सुट्टी घेणारा सूर्य

मी भिवंडीतली लोणच्याची बरणी बोलतेय. नाक मुरडू नका. लोणचं संपून जमाना झाला, आणि आता माझ्या पोटात जे आहे ते तुमच्या कुणाच्या स्वयंपाकघरात सापडायचं नाही.

इशरत मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. एका सुट्टीत तिने मला गरम पाण्याने घासघासून धुतलं आणि माझ्या झाकणाला आतून एक धागा बांधला. धागा तिच्या अब्बांच्या, म्हणजे अब्दुर्रहमानसेठच्या लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, केसाहून बारीक. त्याच्या टोकाला चुंबकाची छोटी पट्टी अडकवली आणि पट्टीवर ओढणीचं उसवलेलं आरशाचं आभलं चिकटवलं. लाल लेझरचा किरण आभल्यावर पडतो आणि त्याचा ठिपका समोरच्या भिंतीवर उमटतो. झालं यंत्र तयार.

सूर्यावर खवळाखवळ झाली की त्याचा धक्का पृथ्वीच्या चुंबकत्वाला बसतो. माझी पट्टी तेव्हा इतकीशी वळते की डोळ्याला कळत नाही, पण भिंतीवरचा ठिपका सरकतो आणि तो मात्र दिसतो. अशी सौर वादळं पकडायची, हे माझं काम. लोणचं सांभाळणारीला एवढी बढती कधी कुणी दिली होती?

एका शुक्रवारी मला अब्बांच्या कारखान्याच्या माडीवर बसवलं, आणि शनिवारी सकाळीच ठिपका चांगला चार बोटं सरकला. इशरत आनंदाने ओरडली. ठिपका गुरुवारपर्यंत तिथेच राहिला आणि शुक्रवारी मुकाट्याने जागेवर आला. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. सहा दिवस वादळ, शुक्रवारी शांत.

भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. अख्खं गाव त्या दिवशी श्वास घेतं. त्यामुळे सूर्यही शुक्रवारी आराम करतो, यात घरातल्या एकालाही काही वावगं वाटलं नाही! अब्बा तर चहाच्या टपरीवर सांगत सुटले, "आमच्या इशरतनी मशीन बनवलीय. सूर्यपन जुम्म्याला छुट्टी करतो, बोला!" इशरतने शाळेत प्रार्थनेनंतर सगळ्या मुलींना सांगितलं की आपण वादळं पकडली. मीही फुगले होते, खोटं कशाला बोलू?

मग एका रविवारी रोशनी आली. ती त्याच शाळेत मराठी शिकवते, गणेशपुरीजवळच्या पाड्यावरून एसटीने ये-जा करते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अगं इशरत, सूर्याचं काय लूम हाय, शुक्रवारी बंद ठेवाया?"

इशरतचा चेहरा खाडकन उतरला. तिने जिन्यावरून खाली धाव घेतली आणि कारखान्याचं लोखंडी शटर खाली ओढलं. वर रोशनी ओरडली, "आला! ठिपका जागेवर आला!" लूम रात्रंदिवस चालत, आणि काम चालू असलं की ते शटर वर गुंडाळलेलं असे, नेमकं माझ्या पायाखाली. शुक्रवारी ते खाली असे. एवढ्या लोखंडापुढे माझ्या चुंबकाची काय कथा!

सोमवारी इशरतने त्याच सगळ्या मुलींसमोर सांगून टाकलं, "मी पकडलं ते वादळ नव्हतं, शटर होतं." मुली खो खो हसल्या. त्या दिवसापासून वऱ्हांड्यात मागून हळूच "शटरबाई" ऐकू यायचं. अब्बांनी टपरी बदलली. इशरत मला पुसताना म्हणायची, "एकदाच, या मुलींना एकदाच खरं वादळ दाखवायचंय गं." तिचं ते बोलणं ऐकून माझी काच भरून यायची. रोशनीने आपल्या पाड्यावर माझी जुळी बहीण तयार केली. आसपास ना शटर, ना लूम.

आणि एका शुक्रवारी, नमाजाच्या आधी, ठिपका हलला. चार बोटं नाही, तांदळाच्या दाण्याएवढा. इशरत बघतच राहिली.

"कुणीतरी गुपचूप शटर उघडलं असणार," अब्बा म्हणाले. डोक्यावर टोपी चढवून ते निघाले. गल्लीतलं कुलूप ना कुलूप ओढून पाहिलं आणि धापा टाकत परत आले. "सगळी बंद हायेत, बेटा. खुदाची कसम, सगळी."

इशरतने रोशनीला फोन लावला. आपलं काहीच न सांगता विचारलं, "तुझ्या बरणीचं काय?"

"मी तुलाच फोन लावत व्हते! सरकलाय गं, डावीकडं! हितं तर दावणीच्या बैलाबिगर कोन न्हाय!"

माझाही डावीकडेच होता. इशरत हसता हसता रडायला लागली. मोबाइलवर बातमीही आली: सौर वादळ सुरू, उद्यापर्यंत चालेल.

पण उद्या शनिवार. मुलींना माडीवर बोलावलं तरी त्या येणार सकाळी, आणि शटरं उघडणार त्याच्याही आधी. म्हणजे मुलींना पुन्हा शटरच दिसणार! अब्बा उठले. एरवी मिनिटभर लूम थांबला तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस संध्याकाळभर शेजारच्या मालकांच्या दारात हात जोडत फिरला.

शनिवारी सकाळी गल्लीत कामगार उभे, शटरं बंद. त्या गल्लीत शनिवारी इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एकाने विचारलं, "सेठ, शटर खोलूँ?"

"रुक भाई," जिन्यात बसलेले अब्बा म्हणाले. "अभी सूरज की शिफ्ट चालू है."

वर मुली दाटीवाटीने बसलेल्या, श्वास रोखून. ठिपका हळूहळू इशरतने सकाळी आखलेल्या पेन्सिलच्या रेघेवरून निघाला, पलीकडे गेला, थोडा रेंगाळला, पुन्हा पुढे सरकला. कुणीतरी कुजबुजलं, "बाई, हा खरा आहे ना?" इशरतने मान हलवली, आणि मुलींनी अशा टाळ्या पिटल्या की माडी हादरली, मी हादरले आणि ठिपका भिंतभर नाचला.

आज मी तिथेच आहे, अंगाला कैरीचा वास अजून थोडा आहे. भिंतीवर त्या दिवसाच्या खुणा आहेत, आणि शेवटच्या वेड्यावाकड्या खुणेखाली इशरतने प्रामाणिकपणे लिहिलंय, 'हा सूर्य नाही, या टाळ्या.' माझं एकच मागणं आहे. भिंत रंगवायला काढाल, तेव्हा बाकी काहीही पुसा, तेवढी खूण राहू द्या.