कूकम कोण लागते?

डेल्फीन हॅल्केटनं अर्जातल्या नात्याच्या रकान्यात ‘आजी’ लिहिलं आणि तिथंच माशी शिंकली.

पोरीला आपल्याकडे ठेवून घेण्यासाठीचा तो अर्ज शहरातल्या बालकल्याण कचेरीनं तपासला. नऊ वर्षांच्या कियानाची आजी, म्हणजे आईची आई, सहा वर्षांपूर्वीच वारली होती. डेल्फीन त्या आजीची धाकटी बहीण. खोटी माहिती दिली, असा शेरा पडला. कियानाची आई शॉना दारू सोडवण्याच्या केंद्रात होती. ती परत येईपर्यंत पोरीला चारशे किलोमीटरवरच्या अनोळखी घरी ठेवायचं ठरलं, आणि तेही येत्या शुक्रवारी.

डेल्फीन उभ्या आयुष्यात खोटं बोलली असेल ती फक्त स्वतःच्या वजनाबाबत. कॅनडातल्या तिच्या क्री आदिवासी लोकांत आजीच्या बहिणीला वेगळा शब्दच नाही. आजी कूकम, आजीच्या बहिणीही कूकम. यात लपवण्यासारखं काय, हे तिला कळेना. पोरगी जाणार ही धास्ती होतीच, पण बावीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई ती, रस्ता बंद दिसला म्हणून घरी बसणारी नव्हे. तिनं कचेरीच्या माणसाला गावातच बोलावलं.

गुरुवारी कॉलिन नावाचा तो तरुण अधिकारी बर्फातून आला. गावाच्या सभागृहात चहा, मूस हरणाचं कालवण आणि तव्यावरची जाड बॅनॉक भाकरी मांडलेली. माणसं पंचवीस-तीस. कॉलिननं नम्रपणे विनंती केली की बाब घरगुती आहे, तेव्हा नातेवाइकांनीच थांबावं. कोणीच उठलं नाही. त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यानं पुन्हा सांगितलं. तेव्हा लोकांनी खुर्च्या आणखी पुढे सरकवल्या.

म्हातारा नॉर्बर्ट म्हणाला, “मी पोरीच्या आजोबांचा भाऊ, म्हणजे आजोबाच. आणि वाटेत तुझी गाडी बर्फातून मीच ओढून काढली, तेव्हा तुझाही कोणीतरी लागतोच.”

सगळे हसले, कॉलिनही हसला. मग एकेकानं नातं सांगितलं, आणि त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं. शेवटी त्यानं डेल्फीनपुढे अर्ज सरकवला. ‘आजी’ खोडून ‘इतर नातेवाईक’वर खूण केली, तर शेरा जाईल आणि पोरगी इथंच राहील, असं त्यानं समजावलं. माणूस वाईट नव्हता.

डेल्फीनला ते झोंबलं. पण पोरगी राहणार असेल तर तिनं स्वतःला दिव्याचा खांबही म्हणवून घेतलं असतं. तिनं पेन उचललं.

शेजारी बसलेल्या कियानानं कागदावर हात ठेवला.

“तसं लिहू नको.”

“नुसती खूण आहे गं. तुला घरी ठेवायचंय ना?”

“मग मी तुला हाक काय मारू? इतर?” आणि ती कॉलिनकडे वळली. “माझ्या दोन कूकम होत्या. एक वारली. ही आहे.”

डेल्फीनची छाती अभिमानानं भरून आली. तिच्या हातून होऊ घातलेली चूक एवढ्याशा पोरीनं सावरली होती.

कॉलिननं कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि तिथूनच शहरातल्या साहेबांना लावला.

“हॅल्केट प्रकरणात चूक झालीय,” तो म्हणाला. “त्यांची नाही, आपली. मुलीची आजी जिवंत आहे. माझ्यासमोर बसलीय.”