उजेडाची पाठ

बंद पडलेल्या गोदामापुढच्या मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दिवस मावळला, भोंग्यांवर जप सुरू झाला आणि छपरामागून तो वर आला. पांढरा, गोल, कपाळ आणि दोन डोळे असलेला उजेड. माणसं मटकन खाली बसली. माझ्या शेजारचे गृहस्थ चांगले इंजिनिअर, तेही चष्मा काढून डोळे पुसत होते.

"तोंड बघा, तोंड," उजेडबाबा माईकवर म्हणाले. "देव भक्ताकडे पाठ करत नाही. ज्याच्या डोक्यावर तो थांबला, त्याची तार वर जोडली. मग खालची सुई टोचलीत, की वरची तार तुटली."

ही सुई म्हणजे माझ्या भाचीचं इन्सुलिन. तिला लहानपणापासून मधुमेह. रोजची सुई चुकली तर पोर जगत नाही, इतका साधा हिशेब. मागच्या खेपेला उजेड तिच्या डोक्यावर थांबला आणि माझ्या धाकट्या बहिणीने इंजेक्शनं बंद केली. मला कळलं तोवर पोरीच्या उलट्या थांबत नव्हत्या. 'विष बाहेर पडतंय,' असा बाबांचा निरोप. मी तिला दवाखान्यात न्यायला गेले, तर बहिणीचा नवरा दारात आडवा.

"तुम्ही दातांच्या डॉक्टर, दातांपुरतं बोला," तो म्हणाला. "आणि सुटीच्या दिवशी ती खेळण्यातली हेलिकॉप्टरं उडवता ना, ती उडवा."

दुसऱ्यांदा उजेड घ्यायला आज तिला चादरीत गुंडाळून आणलं होतं. बहिणीच्या मांडीवर पडून ती नुसती धापा टाकत होती. तिच्या श्वासाला नासक्या फळाचा वास येत होता. इन्सुलिनवाचून रक्तात आम्ल चढलं की असा वास येतो, हे मला कळत होतं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तेवढ्यात वारा सुटला. उजेड गर्रकन फिरला, तोंड गोदामाकडे झालं आणि तो एका बाजूला घसरू लागला. कुणीतरी सावरायला गेलं असावं, कारण तो त्याच बाजूला आणखी जोरात पळाला. मग कसाबसा फिरून परत आमच्याकडे तोंड करून थांबला.

ही चूक मी आमच्या क्लबच्या मैदानावर नेहमी बघते. रिमोटचं हेलिकॉप्टर पाठ तुमच्याकडे करून उडतंय तोवर सोपं असतं, तुमचं उजवं तेच त्याचं उजवं. तोंड तुमच्याकडे वळलं, की सगळं उलटतं. नवशिका घाबरून स्टिक एकीकडे ढकलतो आणि हेलिकॉप्टर भलतीकडे पळतं. म्हणून तो बिचारा हेलिकॉप्टरची पाठ कायम स्वतःकडे ठेवतो. देव भक्तांकडे पाठ करत नव्हता, हे खरंच. त्याची पाठ गोदामाच्या वरच्या खिडकीकडे होती.

मी जिना चढून दार ढकललं. आत बाबांचा पुतण्या गळ्यात रिमोट अडकवून घामाघूम उभा होता.

"दे इकडे."

"बाई, पडेल ते."

"खाली माणसं आहेत, म्हणूनच मागतेय. आणि आधी ते भोंगे बंद कर."

जप थांबला आणि सगळ्या मैदानाला पात्यांची घरघर ऐकू आली. ती झाकायलाच एवढा जप लागत होता. मी उजेड सावकाश खाली आणला आणि बाबांच्या पायांपुढे उतरवला. कागदी कंदील चेपला. त्याच्यावरचं काळं रंगवलेलं हेलिकॉप्टर पुढच्या रांगांनी नीट पाहिलं.

बाबा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "अपवित्र हात लागला," ते म्हणाले. "देव निघून गेला, यंत्र उरलं." आणि अर्ध्या मैदानाने हात जोडले.

बहिणीच्या नवऱ्याने मात्र पोरीला उचललं आणि माझ्या गाडीकडे धाव घेतली. दवाखान्यात डॉक्टरांनी जिवाचं रान केलं. उशीर झाला होता. सकाळी पोर गेली.

घरी बायका भेटायला आल्या. बहीण भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. शेजारच्या वहिनींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"श्रद्धा मोडली गं शेवटच्या घटकेला," त्या म्हणाल्या. "म्हणून गेली."

माझा हात उठायचा बाकी होता. पण बहीणच बोलली.

"इन्सुलिन बंद केलं म्हणून गेली. मी बंद केलं." मग तिने वहिनींचं मनगट धरलं. "तुमच्या लेकाची फिटची गोळी चालू आहे?"

वहिनींच्याही लेकाच्या डोक्यावर उजेड थांबला होता.

"बाबांना विचारलंत, गोळी नको हे त्यांना कसं कळलं? मी नाही विचारलं. कुणीच विचारत नाही. उठा, घरी जा. आधी त्याला गोळी द्या, मग इथे रडायला या."

वहिनींनी मनगट सोडवून घेतलं, पदर सावरला आणि चप्पल न घालताच घराकडे निघाल्या.