ओढ्यापलीकडचे

पितळी स्क्रू. मेणकापडावर चार, खाचांत हिरवट मळ साचलेले – टेओडोरने त्यातला एक बोटाने ढकलला, तो गोल फिरून पुन्हा त्याच्याकडेच आला. फाटकावरची पाटी योस्टने, त्याच्या मुलाने, सकाळीच उतरवली होती. आवरबेक. म्हणजे ओढ्यापलीकडचे. उद्या म्युन्स्टरच्या नोंदणी कचेरीत योस्टचं लग्न, आणि लग्नानंतर तो बायकोचं आडनाव घेणार, वेनिंग – हे त्याने आत्ता, काळ्या पावाला लोणी फासता फासता सांगून टाकलं.

"शेत सोडून थोडाच चाललोय मी, बाबा? गाई मीच बघणार. फक्त नाव बदलतंय."

फक्त!

या भागात नाव रक्ताचं नसतं, जमिनीचं असतं. जो या अंगणात नांदायला येईल तो आवरबेक. चारशे वर्षांत कधी नुसत्या मुलीच उरल्या तेव्हा जावई आले, जावई गेले तेव्हा विधवांचे दुसरे नवरे आले, आणि सगळेच्या सगळे चर्चच्या वहीत आपलं जुनं नाव मागे टाकून ओढ्यापलीकडचे झाले. अडतीस वर्षांपूर्वी तोही असाच आला, टेओडोर होल्टकांप, आन्नेसाठी. वडील लग्नाला आले नाहीत. भाऊ नेमबाजीच्या जत्रेत चारचौघांत ओरडला होता, "काय नवरीबाई, सासरी बरं चाललंय ना?" – आणि टेओडोर हसला होता, बिअरचा ग्लास घट्ट धरून, कारण शेजारी आन्ने होती आणि घरी येताना ती म्हणाली होती, तू नसतास तर हे नाव बुडालं असतं रे...

त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलं.

"तुझ्या आईला हे कळलं असतं तर–"

"आईला माहीत होतं." योस्टने सुरी खाली ठेवली. "आजारपणात सांगितलं होतं मी. म्हणाली, बदल खुशाल. या नावाने एक माणूस गिळला, तेवढा पुरे."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तिनेच नको म्हटलं. म्हणाली, त्याला वाटू दे, त्याचं सार्थक झालं म्हणून."

त्या आजारपणात टेओडोर हिवाळाभर तिला उशीला टेकवून सूप भरवत होता, पेपर वाचून दाखवत होता, आणि ती... त्याच्याकडे बघून हसायची. ते हसू त्याने जपून ठेवलं होतं. ती कीव होती तर! दगा दिलास, आन्ने. भावाने टोमणा तरी तोंडावर मारला. तुला माझी एवढी दया येत होती, तर एकदा, एकदाच, हाक मारायचीस मला माझ्या नावाने.

होल्टकांप... त्याने मनात म्हणून पाहिलं. एखाद्या शेजाऱ्याचं नाव घ्यावं तसं वाटलं. त्या नावाला तो आता ओळखीचा नव्हता. आणि आवरबेक या नावात जन्मलेली आन्ने चर्चमागे पुरलेली, त्याच नावात जन्मलेला योस्ट उद्या त्यातून जाणार. उद्यापासून आवरबेक असा तो एकटाच, बाहेरून आलेला.

"द्या ते स्क्रू," योस्टने हात पुढे केला. "वेनिंगची नवी पाटी लावून टाकतो."

टेओडोरने ते गोळा केले. द्यायलाच केले होते. पण मूठ मिटली ती मिटलीच, आणि योस्टचा पसरलेला हात बघत असताना त्याला पहिल्यांदाच वाटलं, की हे नाव माझं आहे.